काळजीवाहू बाई आणि यंत्राची तडफड

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपले आदरणीय संचालक साहेब, व्यासपीठावर उपस्थित असलेले अग्निशमन दलाचे प्रमुख अधिकारी, नव्या संगणक यंत्रणेचं काम ज्यांनी हाती घेतलं आहे त्या कंपनीचे प्रतिनिधी, आज ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या संगणक विभागाच्या बाई, त्यांचे यजमान, त्यांच्या दोन्ही कन्या, आणि समोर बसलेले ऑपरेटर, चालक, आजी-माजी सहकारी, बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मनगटावरचं घड्याळ दाखवून पुन्हा एकदा आठवणही करून दिली आहे. मी प्रयत्न करीन. माझा आणि माइकचा संबंध तसा कमीच. उभा जन्म कानाला हेडफोन लावून समोरच्याचं ऐकण्यात गेला. एवढी माणसं एकाच वेळी माझं ऐकताहेत, याची सवय नाही. माझे हात थोडे थरथरताहेत हे पहिल्या रांगेतल्यांच्या लक्षात आलंच असेल. वय झालं असं समजू नका. कारण वेगळं आहे, ते ओघात येईल.

बाईंना आपल्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात 'काळजीवाहू' म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. आता झालं ठाऊक. एक सरकार पडतं, दुसरं यायचं असतं, मधल्या काळात जे कारभार बघतं त्याला काळजीवाहू म्हणतात. आमच्याकडे तो शब्द सरळ घ्यायचा. काळजी वाहणाऱ्या. वरच्या मजल्यावरून खाली उतरताना बाई काळजी घेऊन उतरायच्या आणि जाताना आमच्या टेबलावर ठेवून जायच्या.

त्या पहिल्यांदा खाली आल्या तेव्हा मी दुपारपाळीचा प्रमुख होतो. मी विचारलं, "बाई, तुम्ही नक्की काय करता?"

म्हणाल्या, "मशीनच्या मेमरीचं मॉडेल बनवते."

मला वाटलं पुठ्ठ्याचं. आमच्या पुतण्याने त्याच आठवड्यात शाळेसाठी ज्वालामुखी बनवला होता, तो डोळ्यांसमोर आला. माझ्या चेहऱ्यावर ज्वालामुखी दिसला असावा, कारण बाईंनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "तुमच्या घरचा ओटा केवढा आहे?"

"लहान आहे."

"आणि भांडी?"

"भांडी भरपूर. उरलेली माळ्यावर टाकलेली."

"मग निम्मं तुम्हाला कळलंच आहे. मशीनची खरी मेमरी म्हणजे ओटा. डिस्क म्हणजे माळा. आणि व्हर्च्युअल मेमरी म्हणजे स्वयंपाक करणारीला असं भासवायचं, की घरातली सगळी भांडी ओट्यावरच मांडलेली आहेत. तिने हात पुढे केला की कोणीतरी गुपचूप माळ्यावरून भांडं काढून देतं, आणि जागा करायला दुसरं एखादं वर नेऊन ठेवतं. एकटी असेल तर मजेत चालतं. दोघी असल्या तरी चालतं. आता चार जावा एका ओट्यावर उभ्या करा. काय होईल?"

"भांडण," मी म्हटलं.

"भांडणाला वेळ कुठून आणणार? प्रत्येकीला निदान चार भांडी हाताशी लागतात. तेवढी मावली नाहीत, की एक दुसरीचं उचलून वर पाठवणार, दुसरी तिसरीचं. सगळ्या दिवसभर माळ्याची शिडी चढणार-उतरणार. घाम चौघींनाही, आणि जेवायला कोणालाच काही नाही."

या प्रकाराला इंग्रजीत थ्रॅशिंग म्हणतात. बाई त्याला तडफड म्हणायच्या. मशीनच्या भाषेत त्या भांड्यांना पानं म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं, आणि हवं ते पान हाताशी सापडलं नाही की त्याला फॉल्ट म्हणतात. मी विचारलं, फॉल्ट कोणाचा? म्हणाल्या, कोणाचाच नाही, नुसतं नाव आहे. मला मात्र ते नाव तेव्हापासून जरा खटकतं.

आता तुम्ही म्हणाल, यात मॉडेल कुठून आलं? मशीन समोर आहे, हळू चाललं की दिसेलच. हेच मीही म्हटलं होतं. बाईंनी माझ्या टेबलावरचा कागद उलटा केला आणि एक रेघ काढली. ऑपरेटर वाढत जातात तसं काम वाढत जातं, रेघ वर चढते. मग जरा सपाट होते. आणि मग, सभागृहातल्या शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून हाताने दाखवतो, अशी खाली. उतार वगैरे काही नाही. कडा. "कड्यापर्यंत सगळं सुरळीत दिसतं," त्या म्हणाल्या, "म्हणून बघून कळत नाही. मोजावं लागतं आणि मग मांडावं लागतं."

त्यांचं मोजणं हाही एक सोहळा होता. वर बसून मशीनच्या नोंदी काढता आल्या असत्या, त्या काढायच्याच. पण आमची माणसं कशी काम करतात ते बघायला त्या खाली येऊन ऑपरेटरच्या पाठीमागे स्टूल टाकून बसायच्या. गेल्या काही सेकंदांत एखाद्याने ज्या पानांना हात लावला, तेवढा त्याचा त्या घडीचा संसार. एकेकाचा संसार मोजायचा, सगळ्यांची बेरीज करायची, आणि एवढे संसार त्या ओट्यावर मावतात का ते बघायचं. मावले नाहीत तर माळ्याच्या किती फेऱ्या होतील, एकेका फेरीला किती वेळ, शिडीपाशी रांग किती लांब, आणि शेवटी फोनवरच्या माणसाने किती थांबायचं, हे सगळं त्या गणितात येत असे.

आमच्या सगळ्यांत ज्येष्ठ ऑपरेटर, त्यांना अख्खा कक्ष आत्या म्हणतो. त्या पाहा, दुसऱ्या रांगेत बसल्यात, हात वर करायची गरज नाही, त्या केव्हाच करून बसल्या. आत्या शहराचा नकाशा कधी बंद करत नसत. बाईंनी कारण विचारलं. आत्या म्हणाल्या, "परत उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात तिकडे माणसाचा श्वास बंद पडला तर मी काय करू?" बाईंनी हे मोठ्या आदराने टिपून घेतलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आत्या एकट्या तिघांची मेमरी खातात." हे आत्यांच्या कानावर गेलं. त्यांनी भर कक्षात जाहीर केलं, की मी घरून डबा आणते, मी कोणाचं काहीही खात नाही.

असे दिवस होते. मग कक्षात त्याच मशीनला जोडलेली आठ नवीन टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, आली. बावीस खुर्च्यांच्या तीस झाल्या. तेव्हाचे आमचे मोठे साहेब, जे आता हयात नाहीत, मनाने फार चांगले होते. आपल्या लोकांवरचा ताण कमी व्हावा हाच त्यांचा हेतू. बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, खुर्च्या वाढवल्या, पण मशीन तेवढंच आहे. माझ्या हिशोबाने पंचविसाच्या आसपास कडा आहे."

साहेबांनी महिनाभर वाट पाहिली आणि हसत म्हणाले, "बाई, मशीन झकास चाललंय. तुमचं मॉडेल चुकलं."

"महिनाभर शेवटच्या खुर्च्यांवर कोणी बसलंच नाही, साहेब."

"मग पुढेही कोणी बसणार नाही!"

बाई केबिनमधून बाहेर पडल्या. जिन्यात मला भेटल्या. जिना चढताना कठडा घट्ट धरला होता एवढं आठवतं.

आणि मग ती दुपार आली. सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली आहे, पण नवीन मंडळींसाठी सांगतो. कारखान्यांच्या भागात बर्फाचा एक जुना कारखाना होता. त्यातला अमोनिया सुटला. पहिला फोन एका दुकानदाराचा होता, डोळे जळताहेत म्हणाला. दुसरा शाळेतून. त्यानंतर कोणता फोन कितवा, हे सांगणं कोणालाच शक्य नव्हतं. आणि मित्रहो, त्या कारखान्याच्या मागच्याच गल्लीत माझी थोरली बहीण राहते. माझी ताई. दम्याची जुनी रोगी.

बातमी पसरली तशी सुट्टीवरची माणसं आपणहून धावत आली. कोणी बोलावलं नव्हतं. एक जण तर अर्धी दाढी केलेल्या तोंडाने आला. तीसच्या तीस खुर्च्या भरल्या. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! आणि अभिमान वाटेपर्यंत मशीन थांबलं होतं.

थांबलं म्हणजे बंद पडलं नाही. बंद पडलं असतं तर निदान कळलं असतं. ऑपरेटर गल्लीचं नाव टाइप करायचे आणि पडद्यावर अक्षर उमटायचं नाही. नकाशाचा एक कोपरा यायचा, बाकीचा पांढरा. कानात माणूस खोकत असायचा आणि समोर पांढरा पडदा. कोणती गाडी मोकळी आहे ते दिसेना, कोणती कुठे पाठवली ते दिसेना. सगळे जीव तोडून काम करत होते, आणि गाड्या आवारात उभ्या होत्या.

बाई जिन्यावरून अक्षरशः कोसळत आल्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "आठ टर्मिनलं बंद करा. आत्ता."

"बाई, फोन थांबत नाहीयेत आणि बंद करू?"

"फोन घेऊ द्या. मशीन सोडायला सांगा. कागदावर लिहून शेजारच्याला द्यायचं. तीस जण मिळून आत्ता एकाचंही काम होत नाहीये."

"खात्री आहे तुम्हाला?"

मंडळी, या प्रश्नाला दुसरं कोणीही 'हो' म्हणालं असतं. त्या घटकेला माणसाला धीर देण्यासाठी तरी. बाई म्हणाल्या, "नाही."



"माझं मॉडेल रोजच्या दिवसाचं आहे," त्या भराभर बोलत होत्या. "रोज प्रत्येक जण शहराचा वेगळा भाग बघतो. आज सगळे त्याच चार गल्ल्या बघताहेत. मशीन त्या गल्ल्यांची एकच प्रत ठेवून सगळ्यांना दाखवत असेल, तर माझा हिशोब चुकीचा, अडचण दुसरीकडेच आहे आणि बंद करून काही मिळणार नाही. प्रत्येकाला वेगळी प्रत देत असेल, तर हिशोब बरोबर. कसं करतं ते मला माहीत नाही. ज्यांनी प्रोग्रॅम दिला त्यांना मी विचारलं होतं. उत्तर आलं नाही."

"मग मी काय करू?"

"मला भीती वाटतेय, पण मला विचाराल तर बंद करा."

मोठे साहेब बाहेरगावी. फोन लावायला वेळ नाही. माझ्या डोक्यात काय चाललं होतं? खरं सांगू? कक्ष नव्हता, मशीन नव्हतं, ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. ती खिडकी कारखान्याच्या बाजूला उघडते. तीसमधल्या कोणाच्या तरी कानात या घडीला ताई खोकत असेल आणि मी नेमकं तेच टर्मिनल बंद करीन, एवढंच.

मी म्हटलं, "कोणती आठ?"

"आत्यांचं पहिलं."

आमची सगळ्यात उत्तम ऑपरेटर. मी आत्यांच्या खुर्चीपाशी गेलो. त्या फोनवर कोणाला तरी ओला कपडा नाकाला धरायला सांगत होत्या. मी हाताने खूण केली. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी आजही विसरलो नाही. पण फोनवरचा आवाज जराही न बदलता त्यांनी एका हाताने मशीन सोडलं आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल उचलली. मग दुसरं, तिसरं. आठ.

आणि काहीही झालं नाही.

पडदे पांढरेच. कोणीतरी ओरडलं, "अहो, होती ती पण घालवलीत!" बाई एका पडद्यासमोर उभ्या होत्या, अंगठ्याचं नख दाताखाली. मी विचारलं, "कधी?" म्हणाल्या, "ओटा आवरायला वेळ लागतो." "किती?" "माहीत नाही. हे मी कधी मोजलेलं नाही." त्या काळात किती मिनिटं गेली हे नंतर चौकशीत निघालं. मला तो आकडा सांगायचा नाही. ती मिनिटं त्या आकड्यात मावत नाहीत.

मग एका पडद्यावर अक्षरं आली. त्या ऑपरेटरने वैतागून गल्लीचं नाव पुन्हा पुन्हा टाइप केलं होतं, ते सगळं एकापुढे एक धडाधड उमटलं. मग शेजारचा नकाशा भरला. मग पलीकडचा. आवारात पहिल्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा बाईंनी चालू पडदे बोटाने मोजले, बावीस. कोणी पाणी दिलं तर घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तेविसाव्याला बसू देऊ नका."

बावीस जण पडद्यावर, आठ जण कागदावर, असं संध्याकाळपर्यंत चाललं. ताई वाचली. तिला शेजाऱ्यांनी आधीच गच्चीमागच्या जिन्याने पलीकडे नेलं होतं, आमच्या गाडीची वाट न बघता. तिचा घसा भाजला. आवाज बसला तो अजून पुरता सुटलेला नाही. पण त्या बसक्या आवाजात ती मला जे काही बोलते, ते सगळं मला ऐकू येतं, आणि ती पुष्कळ बोलते.

अनेक जण वाचले. एक गेले. कारखान्याचे वॉचमन. त्यांच्या पत्नीने फोन केला होता, पत्ता सांगितला होता, ऑपरेटरने तो अर्धा भरला होता. गाडी येतेय असं समजून तिने फोन ठेवला. ते टर्मिनल आठांतलं होतं. अर्धी नोंद पुसली गेली. तिने पुन्हा फोन केला तेव्हा गाडी गेली. पोचली तेव्हा उशीर झाला होता.

चौकशी समिती बसली. मी आणि बाई एका बाकावर. समितीचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. त्यांनी बाईंना विचारलं, "टर्मिनलं बंद केली नसती, तर हा माणूस वाचला असता का?"

"मला माहीत नाही."

"तुमचं मॉडेल काय म्हणतं?"

"बंद केली नसती तर सरासरी प्रत्येकाला कितीतरी जास्त थांबावं लागलं असतं, असं म्हणतं. आणखी माणसं गेली असती असं मला वाटतं. पण सरासरीत एकेक माणूस दिसत नाही, साहेब. ते गृहस्थ माझ्या मॉडेलमध्ये नाहीत."

मधल्या सुट्टीत आमच्या वकिलांनी त्यांना समजावलं, "बाई, 'तसेही वाचले नसते' असं म्हणा आणि मोकळ्या व्हा. कोण खोडून काढणार आहे?" बाई म्हणाल्या, "कोणी नाही. म्हणूनच नाही म्हणणार." झालं ते असं, की तातडीने निर्णय घेतला म्हणून माझी पाठ थोपटली गेली, आणि बाईंच्या नावापुढे 'खात्रीशीर उत्तर देता आले नाही' असा शेरा पडला. त्यांची बढती कित्येक वर्षं त्या एका वाक्यावर अडकली. त्यांचे यजमान इथे आहेत. घरी काय वातावरण होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकदा मात्र म्हणाले होते, की ती आता फ्रिजसुद्धा मोजून भरते.

पुढचं सांगू की नको, हे मी सकाळपासून ठरवतोय. बाई, तुम्ही नको म्हणताय हे मला इथून दिसतंय. तरी सांगतो.

चौकशी संपल्यावर बाई त्या वॉचमनच्या घरी गेल्या. एकट्या जायला निघाल्या होत्या, मी बरोबर गेलो. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, दाराशी चपला नीट लावलेल्या, त्यांत एक पुरुषाचा जोड अजून तसाच. त्या माउलीने आम्हाला बसायला सांगितलं आणि बाईंना विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी ते मशीन मोजते."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "परत असं होईल का?"

मला वाटलं, निदान इथे तरी बाई नाही म्हणतील. बाई म्हणाल्या, "होऊ शकतं. केव्हा होईल ते आधी सांगता यावं, एवढंच माझं काम आहे."

"मग सांगत जा," ती म्हणाली. "कोणी ऐकलं नाही तरी सांगत जा."

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना फोन लावला आणि उत्तर मिळेपर्यंत खाली ठेवला नाही. प्रत्येकाला नकाशाची वेगळी प्रत मिळत होती. त्यांचा हिशोब बरोबर होता. मी पेढे आणायला निघालो तर म्हणाल्या, "आणू नका. आपण त्या दिवशी माहीत नसताना केलं. बरोबर निघालं हा नशिबाचा भाग." मग त्यांनी सगळ्यांना मिळून एकच प्रत करून घेतली, मेमरी वाढवून घेतली, आणि प्रत्येक बदलानंतर स्टूल घेऊन खाली येऊन बसल्या. गणित नव्याने मांडलं. त्यात एक नवी ओळ घातली: सगळे एकाच गल्लीकडे बघत असतील तर.

त्यानंतर इतक्या वर्षांत आमच्या कक्षात काही घडलं नाही. पूर आला, इमारत कोसळली, बसचा अपघात झाला. बाहेर सगळं घडलं, मशीनवर काही घडलं नाही. मग साहजिकच लोक विचारू लागले, मेमरी आता एवढी मुबलक, या बाई करतात तरी काय? न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कोणाला द्यायचं? तिचा सत्कार कसा करायचा? हा पुष्पगुच्छ, मला वाटतं, त्या न घडलेल्या गोष्टींचाच आहे.

दहा मिनिटं संपली आहेत. सूत्रसंचालक उठून उभे राहिलेत. कृपया बसा, आता माझे हात का थरथरताहेत तेवढं सांगायचं राहिलंय.

येत्या सोमवारी सकाळी आपला कक्ष, अग्निशमन दलाचा कक्ष आणि पाणीपुरवठ्याचा कक्ष, तिन्ही एका नव्या मोठ्या मशीनवर जाणार आहेत. मशीन उत्तम आहे, कंपनीची माणसं मेहनती आहेत, त्यांच्या प्रतिनिधींशी माझं वैर नाही. या मशीनमध्ये तिन्ही कक्षांना असं भासणार आहे, की अख्खी मेमरी आपलीच आहे. तिघांना मिळून सांगितलेली मेमरी प्रत्यक्ष असलेल्या मेमरीपेक्षा जास्त आहे. तशी पद्धत आहे, जगभर चालते, आणि चालते कारण तिघांना एकदम गरज लागत नाही. बाईंनी गेल्या महिन्यात त्याचं गणित मांडलं. ते मी त्यांच्या शेजारी बसून समजून घेतलं आहे. एरवी सगळं छान. पण कुठे मोठी आग लागली, तर अग्निशमन दलाचा फोन वाजेल, पाण्याचा वाजेल, आणि आमचाही वाजेल. तिघांना एकदम गरज लागते ती नेमकी त्याच दिवशी.

बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, एकदा तिन्ही कक्ष पूर्ण भरून चाचणी घ्या, माझा आकडा चुकीचा निघाला तर मला आनंदच आहे. त्यांना उत्तर मिळालं, की तारीख ठरली आहे, चाचणी नंतर बघू. नंतर म्हणजे त्या निवृत्त झाल्यावर.

संचालक साहेब, आपण आमच्यावर नेहमी कृपा केली आहे, आणि हे मी आपल्या केबिनमध्ये येऊन बोलायला हवं होतं. दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा आपण बैठकीत होतात. म्हणून सर्वांसमक्ष, अत्यंत नम्रपणे सांगतो. रुग्णवाहिका कक्षाचा प्रमुख या नात्याने मी माझा कक्ष सोमवारी नव्या मशीनवर नेणार नाही. चाचणी झाल्याशिवाय नेणार नाही. त्याबद्दल जी कारवाई व्हायची ती व्हावी. मला दोन वर्षं राहिली आहेत, आणि मला त्यांची काळजी नाही असं म्हणणार नाही; आज सकाळी घरून निघताना हिला सांगितलं तेव्हा तिने भरलेला डबा दोनदा उघडून पाहिला आणि मग हातात दिला, त्यावरून तिलाही आहे हे कळलं.

चाचणीला माणसं लागतील. शनिवारी सकाळी माझ्या कक्षातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतील. अग्निशमन दलाच्या साहेबांनी मघाशी चहाच्या वेळी आपल्या खुर्च्या भरायचं कबूल केलं आहे. पाणीपुरवठ्याच्या कक्षात मी इथून थेट विचारायला जाणार आहे. आता फोन करणारे हवेत. आपण इथे बसलेले सगळे, निवृत्त असाल, चालक असाल, कोणाची सासू असाल, चाचणीच्या नंबरवर घरून फोन लावा आणि लावत राहा. सगळ्यांनी एकाच गल्लीचा पत्ता सांगा. घाबरल्यासारखं बोला, जमेल तसं. आत्यांनी खोकायचं कबूल केलंय. ताईला सांगावं लागणार नाही.

साहेब, आपण मान हलवलीत. होकार की नकार, ते इथून नीट दिसलं नाही. मी होकार धरून चालतो.

बाई, तुम्हाला निवृत्तीच्या शुभेच्छा देण्यासाठी मला उभं केलं होतं, ते राहूनच गेलं. तुम्हाला निरोगी, निवांत आयुष्य लाभो, असं म्हणायची पद्धत आहे. निरोगी लाभो. निवांतचं मी खात्रीने सांगू शकत नाही. तुम्हीच लावलेली सवय आहे. शनिवारी तुमचं स्टूल माझ्या टेबलाशेजारी ठेवतो. मला एकट्याला चाचणीचा आकडा वाचायची भीती वाटतेय.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सूत्रसंचालकांनी दोनदा उठूनही मला ओढून बसवलं नाही, या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात एखादा शब्द वावगा गेला असेल तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावा, अशी विनंती करायची असते. आज वावगं झालं आहे, ते मी जाणून केलं आहे, आणि तरीही ही विनंती करतो.

नमस्कार.